नग एक

वरून पत्र आलं: थंडीच्या लाटेचा आराखडा
बुधवारपर्यंत सादर करावा.
आमच्या झोन ऑफिसात थंडीची फाईलच नव्हती.
सोलापूर आहे हे. इथे आराखडा असतो तो उन्हाचा.
तीच फाईल काढली, मे महिन्याची,
आणि 'ऊन' खोडत 'थंडी' लिहीत गेले.
'दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये':
पहाटे चार ते सात केलं.
'ताक, लिंबू सरबत घ्यावे':
इथे पेन अडलं. हत्तुरे साहेब म्हणाले,
काढा लिहा, सुंठीचा.
'गुरांना सावलीत बांधावे' तसंच राहून गेलं,
सही होऊन वर गेलं.

घरी न्हाणीच्या फळीवर
खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट.
आमच्याकडे गोठतं ते एवढंच.
गॅलरीत उन्हाला ठेवायची, मग विसरायची,
मग पोरगी तशीच कोरड्या केसांनी शाळेला.

पलंगाखालची ट्रंक ओढली.
डांबरगोळ्यांच्या वासासकट चादरी बाहेर आल्या,
सासरे कारखान्यात होते तेव्हाच्या,
सगळ्या नापास माल.
एकीवर मोराची मान वीतभर बाजूला सरकलेली.
लग्न झाल्यापासून तीच माझ्या अंगावर.
चांगल्या चादरी दिल्लीला गेल्या म्हणे,
खऱ्या थंडीला.

शेजारी नागूबाई येमूल विडीची पानं
ओल्या गोणपाटात गुंडाळत होत्या.
या हवेत पान वाळतं, वळताना चिरतं,
हजारातल्या शंभर विड्या बाद.
त्यांची बोटंही चिरलेली. म्हटलं, व्हॅसलीन आणू का?
तर हसल्या.
पानाला वास लागतो म्हणाल्या.

रात्रनिवाऱ्याच्या यादीत गाद्या पंचवीस.
मी जाऊन मोजल्या. एकोणीस.
पहारेकरी इरय्या जरा लाजला.
सहा गाद्या उन्हाळ्यात टाकीखाली घातल्या, मॅडम,
गळतीचं पाणी तेवढंच जिरत होतं.
रिकाम्या सहा जागी
त्यानं वर्तमानपत्रं अंथरली होती, चार-चार पदरी,
कडा वीट ठेवून दाबलेल्या.

शनिवारी आमच्या पेठेत पाणी.
पाचव्या दिवशी येतं, तेही पहाटे साडेतीनला,
चोरासारखं.
घागरी, बॅरल, पातेली, बाळाचं टबसुद्धा दारात.
कानाला फडकं बांधून मी बाहेर आले
तर कोपऱ्यावर रेवणसिद्ध, व्हॉल्व्हमन,
चेंबरचं झाकण सरकवून वाकलेला.
लोखंडी चावी त्याच्या छातीइतकी उंच.
चौतीस फेरे लागतात, मी पहिल्यांदाच मोजले.
दर चार फेऱ्यांनी थांबायचा,
हात काखेत घालायचा,
परत धरायचा.
माझ्या आराखड्यात त्याचा रकाना होता.
लिहिलं होतं: पाणीपुरवठा सुरळीत.

नळाला आधी हवा आली, मग पाणी.
पहिली घागर भरेपर्यंत
मी आत जाऊन मोराची चादर काढली.
मधोमध फाटलेली होतीच.
हातभर पट्टी कापली,
चावीच्या मुठीला गुंडाळली, वरून सुतळी.
तो बघत राहिला. बोलला काहीच नाही.
पुढच्या गल्लीची वेळ झाली होती.

सोमवारी साठा नोंदवहीत लिहिलं:
चादरीचा तुकडा, चावीसाठी, नग एक, किंमत निरंक.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
ऑडिटला काय सांगणार?
म्हटलं, थंडी होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फाईल परत घेतली,
'थंडी' खोडून 'ऊन', काढा खोडून ताक.
रेवणसिद्ध पगाराच्या सहीला आला होता.
म्हटलं, ती पट्टी सोडून टाक आता, मळली असेल.
म्हणाला, असू द्या की मॅडम.
मे महिन्यात ती चावी हातात धरवत नाही,
चटका बसतोय.

फाईलमध्ये गुरं अजून सावलीतच होती.